बायबल नियमित वाचायचं आहे, सुरुवात कुठून करू? आणि ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा नेमका काय?

उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू करू नका. बहुतेकांची गाडी लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकते. माझी दोनदा अडकली. मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची कहाणी घ्या, 16च अध्याय आहेत. मी बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये रोज एक वाचायचो, समासात पेन्सिलीने प्रश्न लिहीत. बसायला जागा मिळाली तर, नाहीतर एका हाताने कडी धरून मोबाइलवर. (कॅथलिक बायबलात 73 पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलात 66. गोंधळू नका.)

गाभा म्हणाल तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव. येशूचं क्रुसावरचं मरण आणि तिसऱ्या दिवशी पुनरुत्थान. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने, आपल्या कमाईने नव्हे. पण लगेच बायबलमधलंच याकोबाचं पत्रही वाचा: कृतीवाचून विश्वास मेलेला. मला तरी हेच जड जातं, खास करून दादरला कुणी कोपर मारून चढतं तेव्हा.