लग्न सापडलं, घटस्फोट सापडेना

प्रश्न : माझ्या मिस्टरांचे पणजोबा इंग्रज होते. त्यांचं १८९८ चं लग्न इंग्लंडच्या इंडेक्समध्ये, म्हणजे नोंदलेल्या लग्नांच्या नावांच्या सरकारी यादीत मिळालं आणि १९१० मध्ये दुसरंही लग्न दिसतंय. मधे घटस्फोट झाला असणारच ना, मग लग्नाच्या रेकॉर्डमध्ये तो का दिसत नाही?

उत्तर : तिथे दिसणार नाही हो, कारण लग्नाची नोंद रजिस्टरमध्ये होते आणि घटस्फोट म्हणजे कोर्टकेस, तिची फाइल कोर्टाच्या कागदांत असते. इंग्लंड-वेल्समध्ये लग्नांची सरकारी नोंदणी जुलै १८३७ पासून आहे, कोर्टातून घटस्फोट मात्र १८५८ पासून, त्याआधी पार्लमेंटमध्ये त्या एका जोडप्यापुरता कायदा पास करून घ्यावा लागायचा, म्हणजे बड्या लोकांचंच काम. १८५८ ते १९३७ च्या बहुतेक सगळ्या फाइली लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये जे ७७ या सिरीजमध्ये शिल्लक आहेत, कॅटलॉगमध्ये नाव टाकून शोधा. मिळालीच तर सोनं आहे, अर्जात लग्नाची तारीख, ठिकाण, दोघं कुठे कुठे राहिले, मुलं किती, सगळं येतं.

पण आधी दुसऱ्या लग्नाचं सर्टिफिकेट मागवा, इंडेक्समधल्या ओळीवर थांबू नका. त्यात 'कंडिशन', म्हणजे वैवाहिक स्थिती, असा एक रकाना असतो. घटस्फोट झालेला असेल तर बहुधा तिथे आधीचं लग्न मोडल्याचा उल्लेख असतो, 'विडोअर' म्हणजे विधुर असेल तर पहिल्या बायकोच्या मृत्यूची नोंद शोधायची, आणि 'बॅचलर' असेल तर जरा सावध, एकतर हा त्याच नावाचा भलताच माणूस आहे नाहीतर पहिलं लग्न लपवलंय. माणूस सांगेल तेच रजिस्टरमध्ये उतरायचं. तेव्हा घटस्फोटाला पैसा लागायचा, शिवाय १९२३ पर्यंत बायकोला नवऱ्याचा नुसता व्यभिचार दाखवून भागायचं नाही, जोडीला छळ किंवा सोडून जाणं असलं काहीतरी सिद्ध करावं लागायचं, त्यामुळे कितीतरी जोडपी कोर्टात न जाता नुसतीच वेगळी झाली. म्हणून घटस्फोट 'असणारच' असं धरून चालू नका, प्लीज.

आणि १८९८ ची बायको नक्की तीच ना? इंडेक्समध्ये जोडीदाराचं आडनाव १९१२ पासून यायला लागलं. त्याआधीच्या लग्नाला दोघांची नावं वेगवेगळी काढून तिमाही, जिल्हा, व्हॉल्यूम, पान सगळं जुळवावं लागतं, आणि एका पानावर एकाहून जास्त लग्नं असू शकतात, तेव्हा सर्टिफिकेट याचंही मागवाच.

प्रश्न : आमच्या घराण्याच्या फ्रान्समधल्या शाखेचं काय?

उत्तर : १८१६ ते १८८४ फ्रान्समध्ये घटस्फोटच बंद होता, त्या वर्षांत शोधू नका. १८८४ नंतरचा असेल तर लग्नाच्या नोंदीच्या समासात टीप सापडू शकते, त्यामुळे स्कॅन मागवताना समासासकट अख्खं पान मागा.