मागच्या बाकावर कोण बसलं होतं?

चि. सरांस,

(तू आता सर आहेस, म्हणून असं लिहिलं. पुढं अरे-तुरेच करणार आहे.)

अनेक आशीर्वाद. सत्कारासाठी नाव निवडायचा तू पाठवलेला प्रस्तावाचा नमुना काल रात्री दोनदा वाचला. आयोजित केलेल्या प्रशिक्षणांची संख्या. लाभार्थी शिक्षकांची संख्या. नावीन्यपूर्ण उपक्रम, छायाचित्रांसह. वृत्तपत्रांतली कात्रणं. आणि खाली तुझा प्रश्न: "बाई, गुरुजींच्या नावापुढं सगळे रकाने रिकामेच राहतायत. दुसऱ्या नावाची फाइल दीडशे पानांची आहे. काय करू?"

२२ डिसेंबरला, रामानुजन यांच्या जयंतीला, तुम्ही गणिताचे शिक्षक वर्गणी काढून तालुक्यातल्या एका मार्गदर्शकाचा सत्कार करणार, हे ऐकून बरं वाटलं. २०१२ पासून आपण हा राष्ट्रीय गणित दिवस साजरा करतो. म्हणजे भौमितिक रांगोळ्या काढतो, १७२९ या संख्येची गोष्ट सांगतो आणि घरी जातो. शिक्षकाला शिकवणाऱ्या माणसाची आठवण कुणाला झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. राज्य पुरस्काराचे गट बघ. प्राथमिक, माध्यमिक, आदिवासी भागातले शिक्षक, कला-क्रीडा, स्काउट-गाइड, दिव्यांग शिक्षक. सगळे योग्यच. पण शिक्षक घडवणाऱ्याचा गट त्यात नाही. ज्या सावित्रीबाईंच्या नावानं तो पुरस्कार आहे, त्यांनीही अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्यांचं शिकवणं कुणीतरी बसून पाहिलं असेलच की.

आता तुझ्या प्रश्नाकडं येते. तू फोनवर पंधरा मिनिटं बोललास आणि उत्तर तूच देऊन गेलास, तुला कळलंही नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी तू तिसरीला वजाबाकी शिकवत होतास. गुरुजी न सांगता आले, मागच्या बाकावर मुलांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि तासभर एक अक्षर बोलले नाहीत. एका मुलीनं ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलं होतं. सुट्टीत चहा पिताना त्यांनी तुला विचारलं, "तिनं ३५ का लिहिलं असेल?" तू म्हणालास, "लक्ष नव्हतं तिचं." आणि गुरुजी म्हणाले, "लक्ष होतं म्हणूनच ३५ आलं. मोठ्यातून लहान वजा करायचं, असं तुम्हीच सांगितलं ना? तिनं दोन्ही घरांत तेच केलं. साताच्या घरात सातातून दोन, पाचाच्या घरात पाचातून दोन."

अरे वेड्या, हे लिही ना! हाच प्रस्ताव. याच्याहून मोठा नावीन्यपूर्ण उपक्रम मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेला नाही. मुलाची चूक ही चूक नसून त्यानं मन लावून पाळलेला नियम असतो, हे एका शिक्षकाला त्याच्याच वर्गात, त्याचा अपमान न करता दाखवता येणं! त्यासाठी हॉल लागत नाही आणि प्रोजेक्टरही लागत नाही. मागच्या बाकावर बसावं मात्र लागतं.

तेव्हा मी सांगते ते एकच धर. दोन्ही नावांबद्दल एवढंच विचार: मागच्या बाकावर कोण बसलं होतं? किती प्रशिक्षणं घेतली, हे विचारू नकोस. मीही घेतलीत ती. ढीगभर.

हे मी अधिकारानं सांगतेय असं समजू नकोस. माझ्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये जे मानचिन्ह आहे, ते तू पाहिलंयस. मागच्या दिवाळीत फराळाला आलास तेव्हा त्याचं कौतुकही केलंस आणि मी विषय बदलला. ते कसं मिळालं, ते सांगते.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आणि त्र्याहत्तरच्या जोडीला 'सत्तर तीन' अशी नावं होती. जुनी नावं काढलेली नव्हती, ती शेजारीच होती. पण गदारोळ असा झाला की जणू मराठीच बुडाली. फोनवर विनोद सुरू झाले, प्रकरण विधिमंडळात गेलं. बालभारतीच्या गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेली, संख्याशास्त्रात नव्हे, संख्यांच्या सिद्धांतात पीएच.डी. केलेली बाई. त्या शांतपणे पुनःपुन्हा सांगत राहिल्या की आपण ७३ लिहिताना आधी सात लिहितो, म्हणताना मात्र आधी तीन म्हणतो. लहान मूल ऐकतं 'त्र्या' आणि लिहितं ३७. शिवाय एकोणऐंशीत ऐंशी आहे, पण लिहायचे आहेत सात आणि नऊ. कानडीत इप्पत्तोंदु म्हणजे सरळ वीस-एक, मग तिथल्या पोराला हा घोळच नाही. त्यांनी मूल कुठं अडखळतं ते पाहिलं होतं. टीका करणाऱ्यांनी फक्त पुस्तकाचं पान पाहिलं होतं.

२०२३ च्या जुलैमध्ये त्या गेल्या. तेव्हा बऱ्याच ठिकाणी त्यांची ओळख नवऱ्याच्या नावानं करून दिलेली वाचली आणि मी चिडले. असो. ते नारळीकर घराणंच वेगळं. मंगलाताईंचे सासरे विष्णु वासुदेव नारळीकर बनारसला शिकवत, तेव्हा गुजरातचे प्र. चु. वैद्य त्यांच्याकडे सापेक्षतावाद शिकायला गेले. १९४३ साली वैद्यांनी मांडलेलं गणित आजही जगभर त्यांच्या नावानं ओळखलं जातं. तोच माणूस पुढं गुजरात गणित मंडळ काढून शाळेतल्या गणित शिक्षकांसाठी राबला. एवढ्या उंचीच्या माणसांना प्राथमिक-माध्यमिकच्या मास्तरांमध्ये बसण्यात कमीपणा वाटला नाही. आणि आपल्याकडं? विस्तार अधिकाऱ्याला वर्गात खुर्ची दिली नाही तर तोंड वाकडं होतं.

तर २०१९. 'वीस एक'चं प्रशिक्षण तालुक्यात द्यायला सुलभक म्हणून मी होते. पंचायत समितीचं सभागृह, एका वेळी साठ शिक्षक, चार बॅचेस. मी तयारी चांगली केली होती, हे मी आजही म्हणेन. स्लाइड्स नेटक्या, हजेरीपत्रक पूर्ण, फोटो वेळेवर अपलोड. पहिल्याच दिवशी एका वरिष्ठांनी उद्घाटनात 'पन्नास दोन' वर विनोद केला, सभागृह हसलं आणि मीही हसले. जे मी पुढचे दोन तास समजावून सांगणार होते, त्यावर आधी हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

त्याच वर्षी आमच्या गट साधन केंद्रातून जिल्ह्याच्या पुरस्कारासाठी दोन नावं निघू शकत होती. माझं आणि गुरुजींचं. आम्ही सात वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसलो. ते कायम बाहेर. मासिक अहवाल अर्धवट, फोटो नाहीत, प्रवासभत्त्याची बिलंसुद्धा सादर केलेली नाहीत. मी त्यांना यावरून बोलायची, "अहो, केलेलं कागदावर नाही तर केलंच नाही." वरून विचारणा झाली, "तुमच्याकडून कोण?" मी म्हणाले, "गुरुजींची फाइल नाही." वाक्य खरं होतं. तेवढंच बोलून मी गप्प बसले आणि माझी फाइल गेली.

पुरस्कार मिळाल्यावर पेढे त्यांनीच आणले. "छान झालं बाई. आता कुठल्या शाळेत बघायला जायचं?" हे त्यांचं अभिनंदन.

तीन महिन्यांनी गेले मी बघायला. माझ्या पहिल्या बॅचमधल्या एका हुशार शिक्षिकेची शाळा. दुसरीचा वर्ग एका सुरात म्हणत होता: "एकवीस म्हणजे वीस एक, बावीस म्हणजे वीस दोन..." शंभरपर्यंत. दोन्ही नावं पाठ. जे ओझं कमी करायला आणलं होतं, ते बाईंनी दुप्पट करून ठेवलं होतं. गणित पेटी कपाटावर, प्लास्टिक न फाडलेली. एकाही मुलाच्या हातात दहाचा दांडा नाही की एकाचा सुटा ठोकळा नाही. आणि ती बाई माझ्याकडं अभिमानानं बघत होती, कारण तिनं अगदी माझ्या स्लाइडप्रमाणं केलं होतं. हॉलमध्ये मी जे बोलले ते तिनं ऐकलं होतं. तिच्या वर्गात जाऊन मी बसले नव्हते.

तू म्हणशील, बाई उगाच स्वतःला दोष देतात. तसं नाही आणि अगदी तसं आहेही. शंभरावर शाळा, त्यांतल्या शिक्षकांना मार्गदर्शन करणारे साधनव्यक्ती आम्ही मोजके, निम्म्या केंद्रांत केंद्रप्रमुखाची जागा रिकामी, रोज संध्याकाळी पाचच्या आत भरायची एक ऑनलाइन माहिती, त्यात निवडणुकीचं काम. कधी बसणार होते मी मागच्या बाकावर? हे सगळं खरं आहे आणि कुणी माझ्यापुढं नाकारलं तर मी भांडेन. पण गुरुजींनाही तेवढ्याच शाळा होत्या रे. ते मुक्कामाच्या गाडीनं जायचे, महिन्यात आठ शाळा करायचे आणि उरलेल्या करायचे नाहीत. मी कागदावर सगळ्या केल्या.

ते हॉलमध्ये वाईट शिकवायचे असंही नाही. एकदा शिक्षण परिषदेत त्यांनी फळ्यावर पावणेदोन भागिले अर्धा एवढंच लिहिलं. सगळ्यांनी उलटा करून गुणलं आणि साडेतीन आणलं. मग म्हणाले, "आता याची गोष्ट सांगा." चाळीस शिक्षक गप्प! एकानं सांगितलं, पावणेदोन भाकऱ्या दोघांत अर्ध्या-अर्ध्या वाटल्या. गुरुजी म्हणाले, "ते दोननं भागलं, अर्ध्यानं नाही." शेवटी निवृत्तीला टेकलेले एक मास्तर मागून पुटपुटले, "प्रत्येकाला अर्धी द्यायची. तिघांना पुरते आणि चौथ्याच्या ताटात अर्धीची अर्धी. औट माणसं." लहानपणी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, पाठ केलेला तो शेवटचा माणूस असावा. सभागृहात हशा पिकला, पण या वेळी कुणाची चेष्टा नव्हती. त्या दिवशी गुरुजींनी एवढं एकच उदाहरण घेतलं आणि पुढचा महिनाभर पाचवी-सहावीच्या वर्गांत जाऊन बसले, भाकरी तिथं पोचली का ते बघायला. प्रशिक्षणांच्या रकान्यात याची नोंद 'एक' अशी होईल. माझी चार.

मग रिकाम्या रकान्यांचं काय? उठ आणि शाळांमध्ये जा. मुख्याध्यापकांकडून शेरेबुकं मागून घे, जुनी, धूळ खात पडलेली. आमच्यासारख्यांचे शेरे वाच: "शाळेस भेट दिली. परिपाठ पाहिला. गणित विषयाबाबत मार्गदर्शन केले." तारीख, सही. मग गुरुजींचा शेरा शोध. मी एकदा पाहिलाय. "तिसरीत तीन मुले हातच्याची वजाबाकी करताना लहान अंक मोठ्यातून वजा करतात. वर्गशिक्षकांशी बोललो. १४ तारखेला पुन्हा येतो." आणि खाली १४ तारखेला: "दोन सुटली. एक अजून अडते. दांडे मोडून सुटे करायला दिले." शेजारी एका मुलीचं नुसतं पाळण्यातलं नाव. असे दहा शेरे उतरवून काढ, फोटो काढ, तोच तुझा पुरावा. दीडशे पानी फाइलवाल्याचीही शेरेबुकं बघ, अन्याय करू नकोस. तोही कुठं बाकावर बसलेला सापडला, तर मला कळव, मी माझे शब्द परत घेईन. मात्र नुसतं 'मार्गदर्शन केले' सापडलं तर त्याला दुसरा कुठला तरी सत्कार द्या. त्याची व्यवस्था होतेच, तू काळजी करू नकोस.

गटातली मंडळी म्हणतील की निकष सगळ्यांना सारखे हवेत, आकडे हवेत. तू भिडस्त आहेस, लगेच मान हलवशील. हलवू नकोस. मी हलवली होती. गणिताच्या शिक्षकांना आकड्यांचा मोह असणारच, पण कशाचा आकडा घ्यायचा हे ठरवायला गणित शिकलेला माणूस लागतो ना? एकाच वर्गात दुसऱ्यांदा किती वेळा गेला, हा आकडा मागा. बघू किती फायली उरतात.

आणखी एक. मानपत्रात 'ज्ञानाचा महासागर', 'दीपस्तंभ' वगैरे आलं तर मी सभेतून उठून जाईन. ५२ वजा २७ बरोबर ३५ हे मोठ्या अक्षरात छाप. लोक म्हणतील छपाईची चूक झाली. म्हणू देत, मग तू माइकवर येऊन ती कशी बरोबर चूक आहे ते सांग. शाल-श्रीफळाला माझी हरकत नाही. गुरुजींना नारळ आवडतो, ते खोबऱ्याची चटणी स्वतः करतात.

त्यांना यायला सांगताना मात्र पुरस्कार आहे म्हणून सांगू नकोस, येणार नाहीत. चौथीचा एक वर्ग अपूर्णांकात अडलाय, बघायला या, असं सांग. आणि खरोखरच आधी वर्ग दाखव, नंतर सत्कार. त्यांचे गुडघे आता गेलेत, तेव्हा मागं बाकाशेजारी एक उंच स्टूल ठेव.

मी येईन. मला भाषणाला उभं करू नकोस. केलंच, तर मी फाइलची गोष्ट सांगेन आणि ती त्यांनाच आवडणार नाही.

मसुदा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाठव, कागदावर लिहून. फोनवरचं वाचताना डोळे दुखतात. आणि ती ३५ लिहिणारी मुलगी आता कितवीत आहे, कुठल्या शाळेत आहे, तेही शोधून कळव.

तुझी,
बाई