बंद मोटरसायकल सुरू झाली, मग इंजिन का गेलं?

या वेळच्या सगळ्या प्रश्नांचं दुखणं एकच आहे : बरीच वर्षं उभी असलेली मोटरसायकल सुरू केली किंवा करायची आहे, आणि इंजिन जाम झालं आहे किंवा होण्याच्या बेतात आहे.

प्रश्न : माझी फोर-स्ट्रोक मोटरसायकल नऊ वर्षं बंद होती. बॅटरी, प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, नवं ऑइल भरलं. चौथ्या किकला सुरू झाली. सव्वाशे किलोमीटरनंतर वरच्या बाजूने खडखड येऊ लागली, वेग पडला आणि गाडी थांबली. आता किक खाली जात नाही. ऑइल पातळीला बरोबर आहे. मग काय बिघडलं?

उत्तर : आधी हेडमधून, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागातून, खडखड आणि नंतर जाम, हा क्रम पाहता ऑइल वरपर्यंत पोहोचत नव्हतं, अशी दाट शक्यता आहे. ड्रेन बोल्ट उघडल्यावर पातळ ऑइल निघून जातं. तळाचा गाळ, पंपाच्या जाळीवरचा थर आणि क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) टोकाला फिरणारा फिल्टर असेल तर त्यात घट्ट बसलेला मळ, हे सगळं आतच राहतं. नव्या ऑइलमधल्या डिटर्जंटमुळे तो मळ सुटतो आणि जाळीत किंवा हेडकडे जाणाऱ्या बारीक छिद्रात अडकतो. बऱ्याच इंजिनांत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) थेट ॲल्युमिनियममध्येच फिरतो. ऑइल तुटलं की आधी तो जातो, मग पिस्टन.

किकवर जोर देऊ नका. हेड कव्हर काढून कॅम आणि रॉकर बघा : निळसर झाक किंवा खोल ओरखडे दिसले की निदान पक्कं. पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या भागावर) सगळीकडून उभे ओरखडे असतील तर ऑइल कमी पडलं. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होऊन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, इंजिन तापलं असावं. नंतर कनेक्टिंग रॉड हाताने सरळ वर-खाली ओढून बघा. त्या दिशेने जराही खेळ चालत नाही. आडवा थोडा असतोच, तो दोष नव्हे. वर-खाली खेळ असताना नुसतं बोअर करून (सिलिंडर आतून मोठा करून) घेतलं, तर तो खर्च वाया जातो.

जोडणी करताना साइड कव्हर उघडून जाळी आणि फिल्टर हाताने धुवा, ऑइलच्या वाटांमधून हवा मारा. कॅमवर दहाएक मिली ऑइल ओता. प्लग काढून कॅपमध्ये बसवा आणि त्याची धातूची बाजू इंजिनला टेकवून ठेवा, नाहीतर इग्निशन कॉइलला धोका असतो. प्लगच्या भोकाजवळ पेट्रोल नको. हेडकडच्या ऑइल पाइपचा बोल्ट सैल करून, तिथे ऑइल पाझरेपर्यंत किक मारा. तीस-चाळीस किकमध्ये आलं नाही तर पंप तपासा, इंजिन सुरू करू नका. पहिलं ऑइल ५० किलोमीटरला काढा, पुढचं ३०० ला.

प्रश्न : एवढं उघडण्यापेक्षा फ्लशिंग ऑइल किंवा डिझेल घालून इंजिन फिरवलं तर?

उत्तर : जुन्या गाळाच्या इंजिनात नको. वरच्या प्रश्नात जे सव्वाशे किलोमीटरमध्ये झालं, ते दहा मिनिटांत होईल.

प्रश्न : गाडी सुरू करून महिना झाला. ऑइलची पातळी वाढलेली दिसते, पेट्रोलचा वास येतो आणि चढावर खालून ठकठक ऐकू येते. चालवली तर चालेल का?

उत्तर : एकदाही सुरू करू नका. टाकीतल्या गंजाचा कण कार्बोरेटरच्या फ्लोट नीडलखाली (पेट्रोल थांबवणाऱ्या सुईखाली) बसला की नीडल बंद होत नाही. गाडी उभी असताना पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरतं आणि रिंगांच्या बाजूने क्रँककेसमध्ये जातं. पातळ झालेलं ऑइल कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचं बेअरिंग सांभाळू शकत नाही. ठकठक बहुधा तिथलीच आहे. सिलिंडर पेट्रोलने भरलेला असताना सेल्फ मारला तर धोका आणखी मोठा : द्रव दाबला जात नाही, रॉड वाकतो.

प्लग काढा, ठिणगी जवळ नसेल अशा मोकळ्या जागी इंजिन हळू फिरवून पेट्रोल बाहेर पडू द्या, ऑइल पूर्ण बदला. नीडल आणि तिची सीट नवी घाला, फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे लावा. टाकीचा गंज काढल्यावर ती लगेच वाळवून आत पेट्रोल-ऑइलचा हात फिरवा. ओली राहिली तर काही तासांत पुन्हा गंज धरते. पेट्रोल पाइपमध्ये फिल्टर बसवा आणि गाडी उभी केली की कॉक बंद करा. ठकठक तरीही राहिली तर क्रँक उघडावाच लागेल.

प्रश्न : टू-स्ट्रोक गाडी बारा वर्षांनी काढली. टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं) मोजून घातलं होतं, तरी सरळ रस्त्यावर पिस्टन पकडला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकला. त्याआधी ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचा वेग लवकर उतरत नव्हता. पुढे ऑइल वाढवून घालू का?

उत्तर : वेग न उतरणं हीच खूण आहे : कुठून तरी जादा हवा आत येत होती. बारा वर्षांत क्रँकच्या ऑइल सीलचं रबर कडक होतं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून फुगतो आणि पकडतो. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअर ऑइल ओढलं जाऊन पांढरा धूर येतो. इनटेकच्या रबराला भेगा असतील तर तिथूनही हवा येते.

ऑइल वाढवू नका. जेटमधून येणाऱ्या मिश्रणात ऑइल जास्त म्हणजे पेट्रोल कमी, म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने मिश्रण आणखी पातळ. दोन्ही सील बदला. क्रँकच्या बेअरिंगवर गंजाचे खड्डे असतील तर तीही बदला. जोडल्यावर इनटेक-एक्झॉस्ट बंद करून सुमारे ०.४ बार हवा भरा, साबणाचं पाणी लावा. पाचएक मिनिटं दाब टिकला पाहिजे. कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोलचं बारीक भोक) तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवा वापरा.

प्रश्न : इंजिन आधीपासूनच जाम आहे. ढकलून, गिअर टाकून सोडवावं का?

उत्तर : नाही, रिंगा तुटतील. प्लगच्या भोकातून अर्धं डिझेल, अर्धं इंजिन ऑइल असं २० मिली घाला, तीन-चार दिवस मुरू द्या. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. सुटलं तरी सिलिंडर उचलून बघा. रिंगा बसून होत्या तिथे गंजाची रेघ असते. ती नखाला लागली तर बोअर करायला हवं.

प्रश्न : रिबोअर करून ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन घातला, चाळीस किलोमीटरमध्ये पुन्हा पकडला.

उत्तर : पिस्टनवर पिनच्या दोन्ही बाजूंना मिळून चार ठिकाणी डाग असतील तर क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) कमी ठेवलाय, किंवा थंड इंजिन लगेच जोरात पळवलं आहे. लहान एअर-कूल्ड इंजिनांत हा क्लिअरन्स बहुतेक वेळा ०.०२ ते ०.०५ मिमीच्या आसपास असतो. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्येच बघा आणि बोअर मोजून घ्या, अंदाजावर सोडू नका. रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने तपासा.

दुसरी शक्यता हॉनिंगच्या (बोअरच्या शेवटच्या घासणीच्या) दगडाच्या बारीक भुकटीची. नुसतं पेट्रोलने पुसून ती निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रशने बोअर घासा, ऑइल लावलेल्या पांढऱ्या कापडाने पुसा. कापडावर करडा डाग येत असेल तर पुन्हा धुवा. स्वच्छ झाला की लगेच ऑइलचा हात द्या आणि मगच पिस्टन चढवा.