रोजची उमेद टिकवण्यासाठी तुम्ही कोणते साधे विचार पाळता?

तुम्ही लिहिले आहे की परभणीत खोली घेऊन तुम्ही स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता, पण सकाळी उठल्यावर पुस्तक उघडण्याची इच्छा होत नाही. एखादे प्रेरणादायी भाषण ऐकले की दोन दिवस अंगात वारे संचारते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पंख्याकडे बघत पडून राहणे सुरू होते. म्हणून ज्यांना वर्षानुवर्षे तेच ते काम करावे लागते त्यांनी आपली उमेद कशाच्या आधारावर टिकवली, हे तुम्हाला विचारायचे आहे. परीक्षांमधले मला फारसे कळत नाही. मी अंबाजोगाईत गेली 22 वर्षे एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट, म्हणजे दारोदार जाऊन लोकांची रोजची लहान बचत गोळा करणारा माणूस, आहे आणि रोज दुपारी चारपासून रात्री साडेआठपर्यंत मंडी बाजार ते बस स्थानक या पट्ट्यातली शंभराच्या वर दुकाने, टपऱ्या आणि हातगाडे फिरतो. तेच ते काम रोज करणे, एवढ्या एका विषयात मला बोलण्याचा थोडा अधिकार आहे असे समजून लिहितो.

आधी त्या भाषणांविषयी. मी त्यांची टिंगल करणार नाही, कारण ती मीही ऐकली आहेत आणि ऐकताना माझेही डोळे भरून आले आहेत. पण आमची केज तालुक्यात पाच एकर काळी जमीन आहे आणि 2015 च्या खरिपात तिथे जे घडले ते आठवले की मला या भाषणांचे खरे स्वरूप कळते. त्या वर्षी जूनमध्ये पावसाने सुरुवात बरी केली. परभणीचे कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगत असते की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये. ते वडिलांनाही ठाऊक होते, परंतु शेजारच्या दोन शिवारांत तिफणी चालू लागल्यावर घरात बसून राहणे कोणत्याही शेतकऱ्याला जड जाते. त्यांनी सोयाबीन पेरले. वरची चार बोटे माती ओली होती, तिच्याखाली मात्र उन्हाळा तसाच होता. उगवण चांगली झाली, रोपे दोन-तीन पानांवर आली आणि पावसाने जी ओढ दिली ती जुलै सरत आला तरी मोडली नाही. रोपांनी माना टाकल्या. दुबार पेरणीसाठी बियाण्याच्या पिशव्या उधारीवर आणाव्या लागल्या. त्याच वर्षीच्या दुष्काळात मांजरा धरण कोरडे पडले आणि 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तुम्हाला आठवत असेल.

भाषण ऐकून येणारा उत्साह हा माझ्या मते मृगाच्या पहिल्या सरीसारखा असतो. ती सर खोटी नसते, वासही खराच असतो, फक्त ओल किती खोल गेली आहे हे त्या वासावरून समजत नाही. वडील आता पेरणीआधी शेताच्या मध्यावर जाऊन वीतभर खोल उकरतात, तिथली माती मुठीत घेऊन दाबतात आणि हात उघडून पाहतात. गोळा चिकटून राहिला तर अजून चिखल आहे, धरलाच नाही तर ओल नाही, आणि गोळा होऊन बोटाने टिचकी मारताच फुटला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला. तुम्हीही असेच करून पाहावे. एखादे भाषण ऐकून रक्त उसळले असेल त्या रात्री कोणताही संकल्प करू नये, वेळापत्रक तर मुळीच आखू नये. दोन दिवस जाऊ द्यावेत आणि तरीही जे करावेसे वाटत राहील तेवढेच हाती घ्यावे. ते बहुधा आदल्या रात्री वाटले होते त्याच्या दहाव्या हिश्शाइतके निघते, आणि तेच आपले असते.

आता मी पाळतो त्या विचाराकडे येतो. तो माझा नाही. मी 2003 साली या कामाला लागलो तेव्हा आमच्या संस्थेत एक जुने एजंट होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्यामागे फिरत होतो आणि ज्या दुकानदाराने आदल्या दिवशी "आज नाही" म्हणून हात हलवला होता त्याचे दुकान मी दुसऱ्या दिवशी वगळून पुढे निघालो. तात्यांनी मला मागे बोलावले आणि म्हणाले, "पैसे मिळू दे, न मिळू दे, पायरी चुकवायची नाही." माझे सगळे तत्त्वज्ञान या एका वाक्यात संपते. त्या दुकानदाराने त्या दिवशीही काही दिले नाही. तात्या फक्त नमस्कार करून पुढे गेले.

हे वाक्य इतके दिवस का टिकले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पिग्मी ही योजना 1928 साली उडुपीच्या एका बँकेने सुरू केली आणि रोज दोन आण्यांइतकी लहान रक्कमही तिथे स्वीकारली जात असे. दोन आणे शिल्लक टाकण्यासाठी दुकान बंद करून कोणी बँकेत जात नाही, हे तिच्या चालकांनी ओळखले होते. माणसाला बचत करावीशी वाटेल आणि मग तो आपल्याकडे येईल, अशी वाट त्यांनी पाहिली नाही. ठरलेल्या वेळी त्याच्या दारात माणूस उभा केला. आमच्या धंद्याचे सगळे मर्म एवढ्यात आहे. मी समोर उभा राहिलो नाही तर माझ्या ग्राहकांपैकी बहुतेकांना त्या दिवशी बचतीची आठवणही होणार नाही, आणि त्यात त्यांचा आळस नाही, संध्याकाळच्या गिऱ्हाइकीत ते बुडालेले असतात. तुमच्या अभ्यासालाही असाच कोणी दारात येऊन उभा राहणारा हवा आहे. इच्छा होण्याची वाट पाहत राहिलात तर ती दोन आणे घेऊन बँकेत जाणाऱ्या माणसाइतक्याच वेळा उगवेल.

बस स्थानकाजवळ चहाचा गाडा चालवणाऱ्या एक मावशी माझ्या अगदी जुन्या खातेदार आहेत. त्यांचा हप्ता रोज 20 रुपये. मी गेलो की त्या पातेल्याखालची गॅसची आच बारीक करतात, पदराला हात पुसतात आणि डब्याच्या झाकणाखाली आधीच घडी घालून ठेवलेली वीसची नोट काढतात. ज्या दिवशी धंदा झालेला नसतो त्या दिवशी त्या पाचचे नाणे देतात आणि म्हणतात, "आज एवढंच धरा भाऊ, पण मशीनमधून चिठ्ठी काढा." चिठ्ठीचा, म्हणजे हप्त्याच्या पावतीचा, त्यांचा आग्रह फार असतो, वीसची आणि पाचची चिठ्ठी त्या एकाच तारेला अडकवतात. वर्षअखेरीस त्यांचे सहा हजार आणि वर काही रुपये होतात. उलट, पाडव्याच्या मुहूर्तावर मोठ्या तोऱ्यात रोज 100 रुपयांचे खाते उघडणारे बरेच जण श्रावणापर्यंत गळतात, कारण शंभर नसतील त्या दिवशी वीस द्यायला त्यांना कमीपणा वाटतो, आणि दोन दिवस चुकले की तिसऱ्या दिवशी ते मला पाहून आतल्या खोलीत जातात. मला पैसे चुकवल्याचे काहीच वाटत नाही, पण माणूस स्वतःपासून लपायला लागला की ते खाते बंद होणार हे मी ओळखतो. तुम्ही वर्णन केलेला तिसरा दिवस मला याच जातीचा वाटतो. दहा तास अभ्यासाचा नेम केलेला असतो, दहा जमत नाहीत, आणि एक तास बसणे आपल्या नेमाला शोभत नाही म्हणून शून्य तास होतात.

मी स्वतः यात पुरता फसलेला माणूस आहे, हे लपवणार नाही. एका वर्षी मी नवी डायरी घेऊन तिच्यात अकरा संकल्प सुवाच्य अक्षरांत लिहिले होते: पहाटे पाचला उठणे, तंबाखू सोडणे, रोज वाचन, रागावर ताबा आणि असेच आणखी सात. नवव्या दिवशी डायरी मुलाच्या गणिताच्या वहीसाठी गेली. तंबाखू नंतर सुटली, ती मात्र त्या अकरांमुळे नव्हे; फेरीला निघताना पुडी घरी ठेवायची एवढेच ठरवले आणि साडेचार तासांची सुटका हळूहळू लांबत गेली. विचार चांगला असून भागत नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर "केले की नाही केले" याचे एका शब्दात उत्तर देता येईल इतका तो लहान असावा लागतो. "मी सकारात्मक राहीन" याचे उत्तर कोणालाच देता येत नाही, म्हणून असली वाक्ये सकाळी मोबाइलवर गुलाबाच्या फुलासोबत पाठवायलाच बरी.

या वाक्याची खरी परीक्षा काही वर्षांपूर्वी झाली. जिल्ह्यातल्या एका वेगळ्याच संस्थेला कुलूप लागले, लोकांच्या ठेवी अडकल्या आणि तिचा आमच्या संस्थेशी काही संबंध नसतानाही आठवड्याभरात माझ्या फेरीतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी हप्ता बंद केला. कमिशनवर जगणाऱ्या माणसाचे काय होते ते वेगळे सांगायला नको. त्याहून अवघड होते ते लोकांच्या नजरेचे. एका भुसार दुकानदाराने गिऱ्हाइकांसमोर विचारले, "तुम्ही कधी पळणार?" त्या रात्री मी बायकोला म्हणालो की उद्या जात नाही. तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पावणेचारला माझी पिशवी आणि मशीन नेहमीप्रमाणे दाराजवळ आणून ठेवले, इतकेच. मी गेलो. त्या दिवशी मला कसलीही प्रेरणा नव्हती, असलीच तर शरम होती. मी प्रत्येक दुकानात थांबलो, पैसे मागितले नाहीत, ज्यांनी विचारले त्यांना त्यांच्या खात्यातली शिल्लक मशीनवर दाखवली आणि ज्यांना पैसे परत हवे होते त्यांचे अर्ज भरून दिले. जवळजवळ दोन महिने असेच गेले. चहावाल्या मावशींनीही त्या काळात एक पैसा दिला नाही, पण "बसा, चहा घ्या" म्हणायचे सोडले नाही. पुढे एकेक खाते पुन्हा सुरू झाले. सगळी नाही झाली. तो भुसार दुकानदार आजही पैसे देत नाही. त्याची पायरी मी आजही चढतो.

अंबाजोगाईचा माणूस दासोपंतांचे नाव घेतल्याशिवाय थांबत नाही, तेव्हा तेही सांगून टाकतो, कारण ते इथे खरोखर लागू पडते. सोळाव्या शतकात होऊन गेलेल्या या संतकवीची पासोडी, म्हणजे सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी लिहिलेली रचना, आमच्या गावात जपून ठेवलेली आहे. त्यांच्याविषयी अशी आठवण सांगतात की ते रोज एका ढब्बू पैशाची, म्हणजे तांब्याच्या एका जुन्या जाड नाण्याची, शाई लिहून संपवत असत. मला या आठवणीतला ढब्बू पैसा फार आवडतो. ओव्या किती झाल्या, त्या उत्तम उतरल्या की नाही, मन लागले की नाही, यांपैकी कशाचाही त्यात हिशेब नाही. दौत रिकामी झाली की दिवस पुरा झाला.

सवय एकवीस दिवसांत लागते असे तुम्ही कुठेतरी ऐकलेच असेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 96 जणांना एकेक लहान सवय निवडायला सांगून त्यांचा मागोवा घेतला होता. तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतील असे दिसले, आणि माणसामाणसांतला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. मधे एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडत नाही, हेही त्यात आढळले. तेव्हा बावीसाव्या दिवशी पुस्तक उघडायचा कंटाळा आला तर आपल्यात काही खोट आहे असे समजू नये.

तुमच्यापुरते सांगायचे तर उद्यापासून एकच ठिकाण आणि एकच वेळ ठरवा, खोलीपेक्षा अभ्यासिका बरी, आणि तिथे जाऊन पुस्तकाचे एक पान उघडून वाचणे एवढीच तुमची पायरी समजा. पुढे चार तास बसलात तर उत्तम, एका पानावर उठलात तरी तो दिवस मावशींच्या पाच रुपयांसारखा धरायचा. शक्य असेल तर एखाद्या मित्राला ठरलेल्या वेळी दार वाजवायला सांगा. हे काम पैसे न घेता करणारे मित्र परभणीत मिळतील. भिंतीवर एक कागद लावा आणि गेलात त्या दिवशी फक्त फुली मारा. नाही गेलात तर ती जागा कोरी सोडू नका, तिथे एका शब्दात कारण लिहा, आणि महिना संपल्यावर ती कारणे एकदा ओळीने वाचा. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा महिन्याच्या कागदावर चार कारणे निघाली होती. पहिले ताप, दुसरे आणि तिसरे लग्न, आणि चौथ्या ठिकाणी मी "पाऊस" असे लिहिले होते. त्या दिवशी अंबाजोगाईत पाऊस पडला नव्हता, हे मला चांगले आठवते.