महापूजा श्रद्धेची की मतांची?

प्रश्न: मुख्यमंत्री आषाढीला विठ्ठलाची महापूजा करतात. ती मनापासून की मतांसाठी, हे कसं ओळखावं?

उत्तर: या पूजेवरून काहीच ठरवू नका. ती शासकीय आहे. पक्ष कोणताही असो, ती मुख्यमंत्र्यांनी करायची ही प्रथाच आहे. माणूस पाहायचा तर पद गेल्यावर पाहा: गळ्यातली माळ राहिली का, एकादशी सुटली का. तेही बाहेरचंच, मन कुणाला दिसतं! मतदाराच्या हातातली कसोटी वेगळी आहे. धर्माच्या नावानं मत मागणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार भ्रष्ट आचार ठरतं. विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक याच कारणानं रद्द झाली. भाषणाचं रेकॉर्डिंग तारीख-ठिकाणासह जपा. निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका दाखल करावी लागते. उशीर झाला तर पुरावा कितीही भक्कम असो, ती टिकत नाही.