लास्ट सपरमध्ये खरंच गुप्त मेसेज आहे का?

प्रश्न: लिओनार्दो दा विंचीच्या लास्ट सपर या चित्रात (येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण) गुप्त संदेश लपवलाय अशी एक थ्रिलर वाचली, यातलं खरं किती?

उत्तर: थ्रिलर म्हणून मजा घ्या, पण संदेशाचा पुरावा काही नाही, आणि चित्राची खरी गोष्टच जास्त भारी आहे. मिलानच्या मठात जेवणघराच्या भिंतीवर साधारण १४९५ ते १४९८ मध्ये त्याने ते काढलं, ओल्या गिलाव्यावर पटापट न रंगवता कोरड्या भिंतीवर सावकाश, म्हणून रंग त्याच्या हयातीतच सुटायला लागला आणि १६५२ मध्ये तर दरवाजासाठी येशूचे पायच कापले, फार वाईट वाटतं! १९९९ ला संपलेल्या रिस्टोरेशननंतरही मूळ रंग थोडाच उरलाय, मग चित्रातल्या माणसांच्या पुसट बोटांवरून कोड कसा काढणार? येशू आणि शिष्यांच्या डोक्यामागे तेजोवलयं नाहीत हे मात्र नक्की बघा, येशूमागची उजळ खिडकीच ते काम करते.