राणीमाशी मेली तर मधपेटी संपली का?

नाही. आणि ‘राणी नाही तर माश्यांना हुकूम कोण देणार’ हे आधी डोक्यातून काढा. राणी हुकूम देत नाही, अंडी घालते. तिच्या अंगचा गंध सेवेतल्या माश्या चाटून घेतात आणि एकमेकींना भरवता भरवता पेटीभर पसरवतात. राणी गेली की काही तासांत तो ओसरतो आणि कामकरी माश्या स्वतःच कामाला लागतात. एक-दोन दिवसांच्या अळ्या निवडून त्यांची घरं वाढवतात, शेंगदाण्याच्या शेंगेसारखी खाली लोंबती; हीच राणीघरं. बाकीच्या अळ्यांना तिसऱ्या दिवसानंतर पराग-मध मिळतो, या निवडलेल्यांना शेवटपर्यंत राजान्न (कामकरी माश्यांच्या ग्रंथींतून स्रवणारं अन्न, रॉयल जेली). साधारण बारा दिवसांत नवी राणी बाहेर पडते, आठवडाभरात उडून नरांशी मीलन करते, मग काही दिवसांनी अंडी दिसतात.

म्हणजे जवळपास महिना. या काळात रोज झाकण उघडणाऱ्यांशी माझं कायमचं भांडण आहे. उड्डाणाच्या दिवसांत पेटी उघडी असली तर परतलेली राणी वाट चुकते, आणि दोष मात्र ‘जात वाईट’ म्हणून माश्यांना. पहिल्या आठवड्यात एकदाच बघा, दोन चांगली राणीघरं ठेवून बाकीची कापा (सगळी ठेवलीत तर थवा फुटून जातो), मग तीन आठवडे हात लावू नका.

पेटीत कोवळी अळीच नसेल तर मात्र घोळ. सातेरीत (आपली पाळीव देशी मधमाशी) कामकरी माश्या फार लवकर अंडी घालायला लागतात. एका घरात तीन-चार अंडी, तीही तळाऐवजी भिंतीला, ही त्याची खूण. त्यांचं मीलन झालेलं नसतं, म्हणून सगळे नरच निपजतात आणि वसाहत म्हातारी होऊन मरते. दुसऱ्या पेटीतली अंडी-अळ्यांची चौकट माश्या झटकून द्या, आठवड्याने पुन्हा एक. तरीही राणीघर धरलं नाही तर राणी असलेल्या जोमदार पेटीत मिसळा: मध्ये वर्तमानपत्राचा एक कागद, सुईने भोकं पाडून, संध्याकाळी. उघडी पडलेली रिकामी पोळी काढून घ्या, नाहीतर मेणकिडा शिरलाच.

हे सगळं सातेरीचं. मेलिफेरात (परदेशातून आणलेली पाळीव मधमाशी) कामकरी माश्या अंडी घालायला लागेपर्यंत जास्त दिवस जातात. आणि महाबळेश्वरसारख्या ठिकाणी ऐन पावसात राणी गेली तर नवीची वाट बघू नका. नर कमी, उड्डाण बंद. सरळ मिसळून टाका.